समुद्रातली जमीन, कागदावरची जमीन

मंडळी, जमिनीत चार पैसे घालावेत असे मनात आणणाऱ्या माणसाला आज सल्ला देणारे इतके भेटतात की तो बिचारा गांगरून जातो. हा गोंधळ नवा आहे असे मात्र समजू नका. मुंबईने तो 1864 साली पुरता भोगला आहे.

अमेरिकेत 1861 साली यादवी युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या चार-पाच वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्त मुंबईत आले, असा अंदाज आहे. एवढा पैसा घालायचा कुठे? शहर बेटावरचे, जागा तोकडी. तेव्हा समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. मुळातली कल्पना खोटी नव्हती. म्हणूनच शहाणीसुरती माणसेही फसली.

त्यांतली सर्वांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिचा 5,000 रुपयांचा शेअर 25,000 रुपयांहून अधिक अधिमूल्याने विकला गेला. आणि जमीन? ती अजून पाण्याखाली! प्रेमचंद रायचंद ज्या कागदाला हात लावतील त्याचे सोने होते, अशी लोकांची खात्री. बँक ऑफ बॉम्बेनेही शेअर तारण ठेवून कर्जे वाटली. त्या कर्जातून पुन्हा शेअर. पेढीवर, बाजारात, वर्तमानपत्रांत रोज नव्या कंपनीची वार्ता. कलकत्त्याजवळच्या पोर्ट कॅनिंगचे शेअरसुद्धा इथे हातोहात खपले. ते बंदर कुठे आहे, हे घेणाऱ्यांपैकी कितीजणांना सांगता आले असते कोण जाणे!

वास्तविक, डोळ्यांनी पाहता येईल अशी जमीनही त्याच शहरात होती. फ्रिअरसाहेबाच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर आखले गेले. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीचा भराव चालू होता. बंदरावर जाऊन किती भराव पडला आहे हे कुणालाही पाहता आले असते. पण पायी चालत जाऊन पाहण्यापेक्षा कानावर आलेला भाव लोकांना अधिक खरा वाटला. माझ्या मते त्या वर्षाची सारी गोष्ट या एका आळसात आहे.

9 एप्रिल 1865 रोजी जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत येऊन थडकली आणि कापूस कोसळला. वायद्यांचे हिशेब चुकते करण्याचा दिवस होता 1 जुलै. त्या दिवशी द्यायला पैसा कुणापाशीच नव्हता. दिवाळखोरांचा निकाल लावण्यासाठी खास कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे 1868 साली गुंडाळली गेली. 1864च्या गणतीत मुंबईत 8,16,562 माणसे होती, 1872 साली 6,44,405 उरली. यातले किती कापसासाठी आलेले आणि किती देशोधडीला लागलेले, याची नोंद कोण ठेवणार?

एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता 1870च्या सुमारास सरकारने विकत घेतली. 1873 साली निघालेल्या पोर्ट ट्रस्टच्या हाती ती आली आणि तिथे गोद्या उभ्या राहिल्या. बॅकबे कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या हातून किनाऱ्यालगत एक अरुंद पट्टीच काय ती भरून झाली होती. त्या पट्टीवरून पुढे रेल्वे गेली. चर्चगेटची लोकल आजही तिथूनच धावते.