यीस्टने बनवलेली लस

आयसेलिनच्या मेट्रोपार्कहून लोकलने न्यूयॉर्ककडे निघालो, की पुढचे स्टेशन राहवे, मर्क कंपनीचे गाव. मर्कच्या हेपॅटायटिस-बी लशीला १९८१ मध्ये परवाना मिळाला. पण ती बाधितांच्या रक्तापासून बनत असे. रक्त अपुरे, त्यात एड्सची धास्ती! १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी विषाणूच्या आवरणातील प्रथिनाचे जनुक पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये घातले. यीस्टने प्रथिन तर बनवलेच, शिवाय त्याचे विषाणूसारखे कणही जुळवले. मर्कच्या या नव्या लशीला १९८६ मध्ये परवाना मिळाला. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने वेगळ्या जातीचे यीस्ट वापरून ही लस बनवली. आज भारतात जन्मताच बाळाला हेपॅटायटिस-बीची लस टोचतात; तिच्यात माणसाच्या रक्ताचा थेंबही नसतो.