मुक्तस्रोत आज्ञावलींच्या देखभालीचे हस्तांतरण : एफडिस्क व केजीडीबी

रत्नागिरी जिल्ह्याच्या महसुली इतिहासाचा अभ्यासक सनद आणि वहिवाट यांत भेद करावयास लवकरच शिकतो. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत गावच्या दप्तराचा वारस बहुधा घराण्यातच ठरत असे. ज्या आज्ञावलीला असा वारस नाही, तिचे दप्तर पुढच्या हाती कसे जाते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

डिस्कचे विभाग पाडणाऱ्या ‘एफडिस्क’ या लिनक्सवरील आज्ञावलीच्या मूळ संहितेच्या शिरोभागी १९९२ हे वर्ष व ए. व्ही. लब्लांक हे नाव आहे. पुढे ती ‘युटिल-लिनक्स’ या संचाचा भाग झाली. या संचाची देखभाल आंद्रिएस ब्रौवर यांच्याकडून आद्रियान बुंक यांच्याकडे आली आणि नंतर काम थंडावले. तेव्हा २००६ मध्ये कारेल झाक यांनी ‘युटिल-लिनक्स-एनजी’ ही वेगळी शाखा काढली. मुक्त परवान्यामुळे त्यासाठी कोणाच्या संमतीची गरज नव्हती. २०११ मध्ये जुने नाव परत आले. हे वहिवाटीने सनद मिळविल्याचे उदाहरण म्हणता येईल.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण याहून निराळे आहे. लिनक्सच्या गाभ्यातील दोष शोधणाऱ्या ‘केजीडीबी’च्या संहितेचा शिरोभाग एखाद्या ताम्रपटासारखा वाचावा लागतो. त्यात २०००-२००१ या वर्षांपुढे व्हेरिटास ही कंपनी आहे. डिस्क-व्यवस्थापनाच्या आज्ञावलींसाठी ती प्रसिद्ध होती व पुण्यात तिचे अभियांत्रिकी केंद्र होते. त्यानंतर २००३-२००४ पुढे अमित काळे, २००४-२००६ पुढे टॉम रिनी व पुण्यातील लिनसिससॉफ्ट, आणि २००५-२००९ पुढे विंड रिव्हर अशा नोंदी येतात. गाभ्यात असे साधन घेण्यास लिनस तोरवाल्ड्स यांचा दीर्घकाळ विरोध होता. त्यामुळे केजीडीबी बाहेरच राहिली आणि गाभ्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तिचे ठिगळ पुन्हा जुळवून घ्यावे लागे. हे काम कंटाळवाणे होते व त्यात श्रेयही थोडेच. अखेर जेसन वेसल यांच्या देखभालीखाली २००८ मध्ये २.६.२६ या आवृत्तीत तिचा समावेश झाला.

शिरोभागातील वर्षे स्वामित्वाची आहेत, देखभालीच्या कारकिर्दीची नव्हेत, हे विसरता कामा नये. तथापि ती एकमेकांवर चढलेली आहेत. यावरून किल्ल्यांचा जुडगा एका दिवशी हाती दिला गेला नसावा. जुने व नवे हात काही काळ एकत्र राबले असावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एफडिस्कच्या बाबतीत जो खंड पडला तो येथे पडला नाही, याचे कारण बहुधा हेच.

अभ्यासकाची अडचण मात्र येथूनच सुरू होते. वादाने झालेली फारकत ‘एनजी’सारखी खूण मागे ठेवते, सुरळीत हस्तांतरणाचा पुरावा एवढ्या चार ओळींचा. पुण्यातील कचेरीत कोणी कोणास काय समजावून दिले, हे त्या ओळींत नाही. पुढे डॅनियल थॉम्प्सन व डग्लस अँडरसन हेही देखभालकर्ते झाले. काळे यांचे नाव शिरोभागी तसेच आहे, कारण स्वामित्वाच्या नोंदी पुसू नयेत अशी परवान्याची अट आहे.