तुंबलेली नळी आणि वंगणाची निकड : १८५७ च्या काडतूस-प्रश्नाची एक उपेक्षित बाजू

१८५७ च्या उठावाच्या कारणमीमांसेत काडतुसांच्या प्रश्नाची चर्चा इतकी झाली आहे की त्यात नवे काही सांगण्यासारखे उरले नसावे, असा समज होणे साहजिक आहे. कोणी ती केवळ ठिणगी मानली, कोणी निमित्त मानले, तर कोणी शिपायांच्या धर्मभोळेपणाचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखविले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरेन्द्रनाथ सेन व रमेशचंद्र मजुमदार यांच्या ग्रंथांत या प्रकरणाची साधार छाननी आहे. पामर यांनी १९६६ मध्ये मीरतच्या उठावाविषयीच्या आपल्या ग्रंथात तर काडतुसांचा प्रकार, कागद व कवायत यांचा बारकाईने शोध घेतला. तथापि वंगणात कोणती चरबी होती, या प्रश्नापुढे ते वंगण मुळात लावावे का लागत होते, हा प्रश्न सामान्यतः मागे पडतो. त्याचे उत्तर शिपायाच्या मनात नव्हे, बंदुकीच्या नळीत शोधावे लागते.

काळ्या दारूचा एक गुणधर्म प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. ती जळते तेव्हा तिचा निम्म्याहून कमी भाग वायुरूप होतो. उरलेला भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घन राहतो. नोबल व एबल यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून हे प्रमाण निश्चित झाले, परंतु अनुभवाने ते प्रत्येक बंदूकधाऱ्यास शतकानुशतके ठाऊक होते. या घन भागापैकी बराचसा धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या आतल्या अंगास चिकटतो. दमट हवेत ही काजळी ओलावा शोषून मऊ राहते; कोरड्या व उष्ण हवेत मात्र ती कडक पापुद्र्यासारखी धरते. उत्तर हिंदुस्थानातील चैत्र-वैशाख यांची हवा या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल, हे सांगणे नकोच.

कंपनीच्या पलटणींत त्या वेळेपर्यंत असलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला याची फारशी झळ लागत नसे. तिच्या नळीचा व्यास सुमारे ०·७५ इंच, तर गोळीचा सुमारे ०·६९ इंच. गोळी जवळजवळ स्वतःच्या वजनाने तळाशी जाई. नेम चुकण्याचे मुख्य कारण ही मोकळीक होती. पण बार भरणे सुलभ होण्याचे कारणही तीच होती.

नळीत पिळाचे आटे पाडले की हा हिशेब उलटतो. गोळीने आटे पकडावेत म्हणून ती घट्ट बसली पाहिजे, आणि घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासावयाची तर काजळीशी झगडा अटळ. १८०० च्या सुमारास इंग्रज सैन्यात आलेल्या बेकर रायफलीबरोबर गोळी आत घालण्यासाठी आरंभी लाकडी हातोड्या देण्यात आल्या होत्या, यातच सर्व आले. मिनिए याने १८४९ मध्ये प्रचारात आणलेल्या पोकळ बुडाच्या लांबट गोळीने यावर तोड काढली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान. बार उडताच वायूच्या दाबाने तिचे बूड फुगते व आट्यांत बसते. १८५३ ची एनफील्ड रायफल याच तत्त्वावर घडविलेली होती. तिच्या नळीचा व्यास ०·५७७ इंच आणि गोळीचा ०·५६८ इंच. उरलेली जागा अवघी नऊ सहस्रांश इंच, आणि तीही गोळीभोवतीच्या कागदाने व्यापलेली. जुन्या बंदुकीतील मोकळीक याच्या सहापटींहून अधिक होती. काजळीचा एखादा पातळ थरही गोळी मध्येच अडकविण्यास पुरेसा होता.

अडकलेली गोळी काढण्याचे उपाय होते. गजाच्या टोकास मळसूत्र बसवून ते शिशात फिरवावयाचे व गोळी ओढून काढावयाची. कागद किंवा चिंधी अडकली असल्यास आकड्याने ती उपसावयाची. तेही न साधल्यास केप बसविण्याच्या कानातून चिमूटभर दारू आत सोडून गोळी उडवून लावावयाची. मात्र त्यापूर्वी ती गजाने दारूवर पक्की दाबून बसविणे आवश्यक असे, कारण अर्ध्यावर राहिलेल्या गोळीमागे बार उडाला तर नळी फुगण्याचा किंवा फाटण्याचा धोका. नंतर पाण्याने काजळी धुवावयाची, नळी कोरडी करून तेल द्यावयाचे. छावणीत हे सर्व शक्य होते. रणांगणात तुंबलेली बंदूक म्हणजे हातातील दांडके. अमेरिकेतील यादवीत गेटिसबर्गच्या लढाईनंतर (१८६३) रणांगणावरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या होत्या आणि त्यांतील निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, असे आकडे नमूद आहेत. एकीत तर तेवीस. त्याची कारणे गोंधळ, भीती, केप लावण्याचे विस्मरण अशी निराळी होती. परंतु ठासणीच्या बंदुकीत एकदा अडथळा झाला की लढाईच्या धामधुमीत तो कोणी काढीत बसत नाही, एवढे त्यावरून दिसते.

म्हणून अडथळा काढण्यापेक्षा तो होऊ न देणे, हा एनफील्डच्या रचनेचा कणा होता, आणि त्याचे साधन वंगण. काडतुसाच्या गोळीकडील टोकास ते लावलेले असे. शिपायाने दुसरे टोक दाताने तोडून दारू नळीत ओतावयाची, काडतूस उलटे करून गोळीचे टोक नळीच्या तोंडात घालावयाचे, उरलेला कागद फाडून टाकावयाचा व गजाने गोळी खाली दाबावयाची. खाली जाताना वंगण मागच्या बाराची काजळी मऊ करी. दात लागे ते टोक वंगणाचे नव्हते, हा मुद्दा इंग्रज पक्षाने पुष्कळदा मांडला आहे. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. उन्हाळ्यात चरबी वितळते, पसरते, आणि काडतुसे तर पिशवीत एकमेकांस खेटून असतात. हिंदुस्थानच्या हवेत वंगण कितपत टिकते हे पाहण्यासाठीच १८५३ मध्ये काडतुसे येथे पाठविण्यात आली होती व ती शिपायांच्या पिशव्यांत ठेवण्यात आली होती. वंगण कोणाच्या जातिधर्मास बाधक नाही याची खात्री होईपर्यंत ती काडतुसे देशी पलटणींस देऊ नयेत, असे कर्नल टकर यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात कळविले होते. ते पत्र दप्तरात पडून राहिले. पुढे चौकशीत जे बाहेर आले ते इतकेच की चरबी कोणत्या जनावराची असावी याविषयी विशेष दक्षता कोणी घेतली नव्हती.

२२ जानेवारी १८५७ रोजी डमडमच्या शिक्षणकेंद्रातून शिपायांच्या अस्वस्थतेची वार्ता वर गेली आणि २७ जानेवारीस सरकारचा हुकूम निघाला की काडतुसे कोरडी द्यावीत व शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण लावावे. मार्चमध्ये दाताऐवजी हाताने काडतूस फाडण्याची कवायत मंजूर झाली. ही तत्परता इतिहासकारांनी सरकारच्या बाजूस जमा धरली आहे, व ते न्याय्यच आहे. पण प्रस्तुत लेखकाच्या मते या हुकुमाची दुसरी बाजू दुर्लक्षिली जाते. शिपायाने काय वाचले असेल? वंगण वगळता येत नाही. त्याचा प्रकार तेवढा बदलता येतो. जी वस्तू त्याच्या जुन्या बंदुकीस कधी लागली नव्हती, ती आता अपरिहार्य ठरली होती. यानंतर संशय वंगणावरून कागदाकडे वळला. २६ फेब्रुवारीस बऱ्हाणपूर नव्हे, तर बंगालमधील बेऱ्हामपूर येथे १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली आणि २४ एप्रिल रोजी मीरतला ३ ऱ्या रिसाल्यातील ८५ स्वारांनी जी नाकारली, ती एनफील्डची नव्हतीच. जुन्या पद्धतीची, बिनवंगणाची होती. यावरून शिपायांची भीती निराधार ठरविण्याची घाई केली जाते. वास्तविक तोवर ‘हे काडतूस कोणत्या बंदुकीचे’ हा भेदच विश्वासास पात्र राहिला नव्हता. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची हकीकत येते, तीत बंदुकीचा प्रकार वा गोळीचे माप यांस स्थान नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

वंगण तरी आपले काम करीत होते काय? उठावाच्या लढायांत इंग्रज सैनिकांच्याच हाती एनफील्ड उष्णतेत व काजळीने जड जाऊ लागली. गोळी ठासणे कठीण होई. पुढील दोन-तीन वर्षांत गोळीचा व्यास ०·५५ इंचावर आणण्यात आला, तिच्या पोकळ बुडात लाकडी खुंटी बसविण्यात आली व वंगणात मेणाचे प्रमाण वाढविण्यात आले. म्हणजे ज्या अल्पशा मोकळिकीअभावी चरबीवर एवढा भार पडला होता, ती मोकळीक अखेर द्यावीच लागली. १८६६ नंतर स्नायडर पद्धतीने रायफल मागून भरता येऊ लागल्यावर गजाने गोळी ठासण्याचे कारणच नाहीसे झाले.

देशी पलटणींच्या वाट्यास मात्र मधल्या काळात निराळीच बंदूक आली. बाह्यरूप एनफील्डचे, परंतु नळी आतून कोरून सुमारे ०·६५ इंचाची व गुळगुळीत केलेली. तिच्यात आटे नव्हते.