लांकडी होडीचें तेलपाणी

ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाच्या भिंतींचा इतिहास नेहमींच लिहिला जातो; होडीच्या फळ्यांचा कोणी लिहीत नाहीं. आम्ही आज तिलाही एक पान देत आहों.

पोर्तुगीजांनीं इ.स. १५२१ त चौलास, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, ठाणें घातलें; समोरची कोर्लईची टेकडी १५९४ त घेतली; आणि १७४० त हीं दोन्ही स्थळें मराठ्यांच्या हातीं गेलीं. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीज मुळाची बोली मात्र अद्यापि ऐकूं येते. या दोन सत्तांच्या वैरांतील एक प्रसंग आम्हांस फार बोधक वाटतो. सुमारें १६५९ त शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधण्यास आरंभ केला, तेव्हां रुय लैतांव व्हियेगस नांवाचा पोर्तुगीज जाणकार आपल्या माणसांसह त्यांच्या चाकरीस होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांस हें खपलें नाहीं. त्यांनीं त्यास वळविलें, व तो मंडळीसह काम टाकून निघून गेला. आरमार मात्र थांबलें नाहीं. तासणी धरणारे हात येथेंही होतेच!

सागास अंगचें तेल असतें. मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेलें १८१७ चें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अजून तरंगत आहे. तरी सागासही निगा लागते. होडी वाळूवर ओढून शेवाळ व शिंपले खरवडावे, फटींत तेलांत भिजविलेला कापूस ठोसावा, वरच्या अंगास मुशीचें तेल चोळावें, तळास चुना व चरबी यांचा लेप द्यावा. हा लेप लांकूड पोखरणाऱ्या किडीसाठीं. ती वास्तविक कीड नव्हे, शिंपल्याच्याच जातीचा प्राणी आहे. घासण्यास काचकागद मिळूं लागण्यापूर्वीं देशोदेशींचे सुतार मुशीची किंवा पाकटाची खरखरीत कातडी वापरीत. (तेलाच्या वासाविषयीं आम्ही मौन पाळतों.)

आतां फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांस तेल लागत नाहीं, आणि तेल लावणारा म्हाताराही लागत नाहीं.

सेमिनरींतून नवे आलों असतां आम्हीं गांवच्या तरुणांनीं घरींच बांधलेल्या एका होडीस काचकागदानें घासून मुंबईचें व्हार्निश तीन हात दिलें. ती आरशासारखी चकाकली, सर्वांनीं वाखाणली. एक वृद्ध कोळी तेवढे कांहीं बोलले नाहींत. उन्हानें तो पापुद्रा तडकला, त्यामागें खारें पाणी शिरलें, आणि फळ्या काळ्या पडल्या. व्हार्निश वरचेवर घासून पुन्हां देत राहिलें तर तेंही टिकतें, हें आम्हांस पुढें कळलें. त्या दिवशीं ते वृद्ध एवढेंच म्हणाले, “फादर, तेल आंत जातं. हे वरच राहिलं.”

मग आठ दिवस आम्ही दोघे ती होडी खरवडीत बसलों. नाळेच्या आंतल्या बाजूस, जेथें हात पोंचेना, तेथें व्हार्निशाचा एक पिवळा डाग शेवटपर्यंत राहिला.