पट्ट्या मिटवून पान पाहणे

१. ‘पट्ट्या मिटवून पान पाहणे’ : कोल्हापुरात लग्नपत्रिकेपासून चौकातल्या डिजिटल फलकापर्यंतची जुळणी आता संगणकावरच होते; या शब्दप्रयोगातील उल्लेख ‘इनडिझाइन’ या पानजुळणीच्या प्रोग्रॅममधील सोयीचा आहे. त्यात टॅब ही कळ दाबली की अवजारपेटी आणि बाजूची पॅनेल, म्हणजे रंग, अक्षरवळण, परिच्छेद यांच्या छोट्या खिडक्या (याच ‘पट्ट्या’), एकदम दिसेनाशा होतात आणि तीच कळ पुन्हा दाबताच परततात. शिफ्टसह दाबल्यास अवजारपेटी मात्र दिसत राहते. पण कर्सर मजकुरात असेल तर पॅनेल जागची हलत नाहीत, उलट ओळीत टॅबची रिकामी जागा पडून जुळवलेला मजकूर सरकतो. दडवलेला घटक नष्ट होत नाही, हे येथे सर्वांत महत्त्वाचे : तो स्मृतीत तसाच असतो, प्रोग्रॅम केवळ त्याच्या दिसण्या-न दिसण्याची नोंद बदलून पडदा नव्याने रेखाटतो. करड्या रंगात मंद झालेली आज्ञा याहून वेगळी. ती दिसते, पण तूर्त चालत नाही. ‘ऑफिस २०००’ या कार्यालयीन प्रोग्रॅमसंचाने क्वचित वापरातल्या आज्ञा मेन्यूतून आपणहून दडवल्या, तो मार्ग चुकीचाच होता, कारण नेहमीच्या जागी न सापडलेली आज्ञा प्रोग्रॅममध्ये नाहीच, असा वापरणाऱ्याचा सहज समज होई.