छपरावर छप्पर

दहिसर नाका ओलांडला की मिरागावाजवळ पेणकरपाडा लागतो. १९८५ मध्ये मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. या काळात शेते व मिठागरांच्या या परिसरात काँक्रीटच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेकींनी आता तिशी ओलांडली आहे. अशा इमारतीत जूनच्या मोठ्या सरीबरोबर वरच्या मजल्यावर ओल उतरते आणि सोसायटीच्या सभेत एक सोपा उपाय सुचवला जातो : जुना कोबा तसाच ठेवून वर नवा घालावा. तोडफोड नको, राडारोडा नको, खर्चही कमी. यात चूक ती कोणती? उत्तरासाठी आपल्याकडच्या छपरांचा इतिहास पाहू.

कोकणातले जुने घर पेंढ्याने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेले असे. पावसापूर्वी दरवर्षी शाकारणी होई. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप किंवा वाळवी लागलेला वासा बदलायचा आणि मग कौले पुन्हा लावायची. १८६५ मध्ये बाजेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला. तेथील एकमेकांत अडकणारी चपटी कौले पुढे मुंबईपर्यंत पोहोचली. कौलाचा आकार बदलला, पण प्रत्येक कौल सुटे काढता येण्याचा गुण कायम राहिला. शाकारणी ही दुरुस्ती होती, तशीच ती छपराच्या सांगाड्याची वार्षिक तपासणीही होती.

घाटावरच्या कोरड्या प्रदेशात रीत वेगळी होती. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर असतो. तो उन्हाळ्यात घर थंड ठेवतो. गळू लागला की वर आणखी माती पसरायची. जुनी माती काढण्याचे कारण पडत नसे. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा काही घरांवर अर्धा मीटर किंवा त्याहूनही जाड माती होती. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १,६०० किलो धरले, तर अर्धा मीटर जाडीच्या थराचा दर चौरस मीटरला भार ८०० किलो होतो. बारा चौरस मीटरच्या खोलीवर तो साडेनऊ टनांहून अधिक भरतो. भूकंपाचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. मातीत रचलेल्या दगडी भिंतींना ते पेलवले नाही. सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. बचावलेल्या घरांच्या मजबुतीकरणासाठी जे उपाय सुचवले गेले, त्यांत छतावरची माती कमी करणे हा एक होता.

आता काँक्रीटच्या गच्चीकडे येऊ. विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी १० सेंटिमीटर जाड धरला, तर दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन होते. आराखडा करताना अभियंता पहिल्या कोब्याचे वजन हिशोबात घेतो. दुसऱ्याचे घेत नाही. वापरात असलेल्या सपाट गच्चीवर माणसे व सामान यांचा भार म्हणून भारतीय मानक ८७५ (१९८७) दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरायला सांगते. म्हणजे दुसरा कोबा एकटाच ही मर्यादा ओलांडतो. शिवाय हा भार सभेला जमलेल्या माणसांसारखा तासाभराने उतरत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. जुन्या कोब्यातल्या विटा पाणी शोषून बसलेल्या असतात. वर नवा थर आला की ते पाणी सुकण्याची वाट अडते. ओल स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत जाते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. तो आतून दाब देतो आणि खालचे काँक्रीट पोपडे धरून पडते. दोन थरांमधून पाणी आडवे सरकते, त्यामुळे गळती एकीकडे आणि भेग दुसरीकडे, असेही होते. गच्चीची पातळी वाढल्याने कठडा ठेंगणा होतो, ही आणखी एक गोष्ट.

गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याचा पर्याय वजनाला पुष्कळच हलका आहे. पण वादळी वारा पत्रा वर उचलू पाहतो, म्हणून खांब भक्कम रोवावे लागतात आणि त्यासाठी जलरोधक थराला भोके पडतात. स्लॅब आधीच गंजलेला असेल, तर शेडखाली तो गंजलेलाच राहतो. म्हणून आधी तपासणी, मग जुना थर उतरवणे, सळ्यांची दुरुस्ती आणि शेवटी नवा कोबा, हाच क्रम योग्य. तीस वर्षे झालेल्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, ती याचसाठी.

हा हिशोब विद्यार्थ्यांकडून वर्गातच करून घेता येईल. गच्चीवर चढण्याची गरज नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरील वर्गाची लांबी-रुंदी पुरे. वर एक कोबा असेल तर वजन किती, दोन असतील तर किती, आणि तेवढ्याच वजनाची किती मुले होतील, हे त्यांनी काढावे. येणारा आकडा त्यांनी घरी आणि सोसायटीच्या सभेतही जरूर सांगावा.