झोहरा सहगल : दुय्यम भूमिकांचे एक शतक

हिंदी सिनेमातील मुस्लीम स्त्रियांविषयी बोलायला बसलो की आपण मधुबाला, मीनाकुमारी, नर्गिस, सुरैया, वहिदा रहमान अशी नायिकांची नावे घेतो. चरित्र अभिनेत्रींची आठवण सहसा कुणी काढत नाही. त्यांना पोस्टरवर जागा नसते आणि गाणीही त्यांच्या वाट्याला येत नाहीत. झोहरा सहगल याच रांगेतल्या. आजच्या पिढीला त्या ‘हम दिल दे चुके सनम’मधली आजी किंवा ‘चीनी कम’मधली अमिताभ बच्चनची खट्याळ आई म्हणून माहीत आहेत. पण ही म्हातारी पडद्यावर अवतरण्याआधीचे तिचे साठ-पासष्ट वर्षांचे काम आपल्या चर्चेत क्वचितच येते.

साहिबजादी झोहरा मुमताजउल्ला खान यांचा जन्म 27 एप्रिल 1912 रोजी सहारनपूरमध्ये, रामपूरच्या रोहिला पठाण खानदानात झाला. घरात पडदा होता, पण तालीमही होती. आई लवकर गेली. मुलींनी शिकावे ही तिची इच्छा होती, म्हणून झोहरा लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात गेल्या. तिथेही पडदा पाळला जाई. त्यानंतर 1930च्या सुमारास मामाबरोबर मोटारीने इराण, सिरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त असा प्रवास करत त्या युरोपात पोहोचल्या आणि जर्मनीतील ड्रेस्डेनला मेरी विगमन यांच्या संस्थेत आधुनिक नृत्य शिकल्या. आपल्याकडे हे सांगताना ‘तिने धर्माच्या बेड्या तोडल्या’ असे एक ठरलेले वाक्य असते. मला ते अपुरे वाटते. तिला शाळेत पाठवावे ही आईची इच्छा होती आणि विलायतेला नेणारा मामाही त्याच खानदानातला होता. मुस्लीम घराच्या आतही मुलीच्या बाजूने उभे राहणारे लोक होते, हे त्या वाक्यात हरवून जाते.

1935 मध्ये त्या उदयशंकर यांच्या नृत्यपथकात दाखल झाल्या. जपान, युरोप, अमेरिका असे दौरे झाले. पुढे अल्मोड्याच्या केंद्रात त्या शिकवू लागल्या. तिथेच इंदूरचे कामेश्वर सहगल भेटले. ते वैज्ञानिक, चित्रकार, नर्तक होते आणि त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांचे लग्न झाले. स्वागत समारंभाला जवाहरलाल नेहरू येणार होते, पण ‘छोडो भारत’मुळे काही दिवस आधीच त्यांना अटक झाली. या जोडप्याने लाहोरला नृत्यसंस्था काढली. पण शहरात हिंदू-मुस्लीम तणाव वाढत गेला तसे अशा जोडप्याला तिथे राहणे अवघड झाले आणि ते मुंबईला आले.

मुंबईने त्यांना अभिनेत्री केले. धाकटी बहीण उझरा तेव्हा पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटरची प्रमुख नायिका होती. 1945 मध्ये झोहरा तिथे नोकरीला लागल्या, पगार महिना 400 रुपये. नायिकेची कामे बहुधा उझराकडे जात. थोरल्या बहिणीने दुय्यम भूमिका करायच्या आणि नृत्ये बसवायची. त्यांनी हे चौदा वर्षे केले. ऑपेरा हाउसमधले प्रयोग आणि देशभरचे रेल्वेचे दौरे, सगळीकडे त्या होत्या. ‘दीवार’, ‘पठान’ यांसारखी नाटके ज्या काळात होत होती, त्या काळात रस्त्यावर दंगली चालू होत्या. फाळणीच्या विरोधात आणि हिंदू-मुस्लीम दोस्तीच्या बाजूने रोज रंगमंचावर उभे राहणे ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास इप्टाच्या ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’ आणि चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ हे दोन्ही चित्रपट 1946 मध्ये आले. दोन्हींत झोहरा आहेत. ‘नीचा नगर’ला कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला. गुरुदत्त यांच्या ‘बाजी’ची नृत्येही त्यांनीच बसवली. पण चित्रपटसृष्टीने त्यांना अभिनेत्री म्हणून फारसे विचारले नाही. गोरी-नाजूक नायिका हवी असलेल्या बाजारात त्या बसत नव्हत्या.

1959 मध्ये कामेश्वर यांनी आत्महत्या केली. पदरात दोन मुले आणि पन्नाशी जवळ आलेली. अशा वेळी बाई खचते किंवा नातेवाइकांच्या आधाराला जाते. झोहरा 1962 मध्ये नाटकाची शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेल्या आणि उमेदवारासारखी पुन्हा सुरुवात केली. बीबीसीच्या मालिकांत किरकोळ कामे मिळत. ‘डॉक्टर हू’मध्येही त्या दिसतात. सत्तरच्या दशकात त्यांनी बीबीसीच्या ‘पडोसी’ कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले.

खरी ओळख मिळाली ती सत्तरी ओलांडल्यावर. 1983च्या ‘द कोर्टेझन्स ऑफ बॉम्बे’मध्ये त्या निवृत्त तवायफ झाल्या. हा चित्रपट मुंबईच्याच इस्माईल मर्चंट यांनी पवनपुलाच्या वस्तीवर केला होता. पुढच्याच वर्षी ‘द ज्वेल इन द क्राउन’ या गाजलेल्या ब्रिटिश मालिकेत त्या लेडी चॅटर्जी झाल्या, एक सुसंस्कृत हिंदू विधवा. मग ‘तंदूरी नाइट्स’ आणि 1993 मध्ये गुरिंदर चढ्ढा यांचा ‘भाजी ऑन द बीच’. तवायफ, उच्चभ्रू विधवा, स्थलांतरित पंजाबी म्हातारी या भूमिका एकाच बाईने केल्या आणि एकीचा आवाज दुसरीत मिसळू दिला नाही. आमच्याकडे मुस्लीम नटीला बेगम, तवायफ किंवा नमाजी अम्मीच्या साच्यात बसवायची खोड आहे. झोहरा यांचे आडनाव, भाषा, चेहरा यांतले काहीच त्या साच्यात मावले नाही.

उझरा 1964 मध्ये पाकिस्तानात गेल्या होत्या. 1993 मध्ये लाहोरच्या अजोका थिएटरने या दोघी बहिणींना ‘एक थी नानी’ या नाटकात एकत्र आणले. नाटक त्यांच्याच आयुष्यावर बेतलेले होते. सरहद्दीने दूर केलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी एका मंचावर उभ्या राहिल्या. फाळणीवर लिहिलेल्या कित्येक पानांपेक्षा मला हे दृश्य जास्त बोलके वाटते.

नव्वदच्या दशकात त्या भारतात परतल्या. 1998 मध्ये पद्मश्री, 2002 मध्ये पद्मभूषण, 2010 मध्ये पद्मविभूषण मिळाले. महफिलीत हफीज जालंधरी यांची जवानीवरची नज्म त्या म्हणत, तेव्हा शब्द कवीचे आणि मिश्किली त्यांची असे. 10 जुलै 2014 रोजी वयाच्या 102व्या वर्षी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजात मुलीने कलेच्या क्षेत्रात जावे की नाही, यावर अजूनही वाद होतात. एका बाजूला फतव्याची भाषा असते, तर दुसऱ्या बाजूला उद्धाराची. झोहरा यांनी दोघांनाही उत्तर देत बसण्यात वेळ घालवला नाही. त्या तालमीला जात राहिल्या. मुलींना नायिकांचे फोटो दाखवणाऱ्यांनी कधीतरी ही चौदा वर्षांची दुय्यम नोकरी आणि पन्नाशीत घेतलेली शिष्यवृत्तीही सांगावी. नायिका होणे नशिबाचा भाग असेल. सत्तर वर्षे काम करत राहणे हा मात्र कसबाचाच भाग आहे.